ओल्या भुशाचे पिंजरे

सगळी प्रयोगशाळा तिला मावशी म्हणे, आणि मावशी सगळ्या प्रयोगशाळेला मनातल्या मनात 'दीडशहाणे' म्हणे. तळमजल्यावरच्या उंदीरखान्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, बाटल्या भरायच्या. नणंद पाहुण्यांना सांगायची, "वहिनी दवाखान्यात असते." उंदरांचं नाव घ्यायला तिला लाज वाटे. मावशी म्हणायची, "उंदीर तोंडावर एक आणि पाठीमागे एक असं तरी करत नाहीत."

तिला खरी चीड होती ती वरच्या मजल्यावरच्या साहेबांची. त्यांचे उंदीर जन्मतःच आजारी. आईबापांकडून आलेल्या दोषामुळे त्यांच्या मूत्रपिंडांना रक्तातलं आम्ल बाहेर टाकता येत नसे. असा आजार काही मुलांनाही होतो. वाढ खुंटते, हाडं मऊ पडतात. साहेब त्यावर औषध शोधत होते, पण दोन वर्षांत उंदीरखान्याची पायरी उतरले नव्हते. वास सहन होत नाही म्हणे! उंटावरून शेळ्या हाकणारे मावशीने पुष्कळ पाहिले होते. हा माडीवरून उंदीर हाकत होता.

साहेबांच्या हाताखालच्या संशोधक मुलीने पिंजऱ्यांना चिठ्ठ्या लावल्या. डाव्या मांडणीवर आजारी, उजवीवर त्यांची निरोगी भावंडं. डावीकडच्यांना औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी भुसा बदलताना मावशी थबकली. आजारी उंदीर सारखं पाणी पितात आणि सारखे मुततात, त्यांच्या भुशाचा दोन दिवसांत चिखल होतो. इथे डावीकडचा भुसा कोरडा ठणठणीत, आणि उजवीकडचा पिळून काढावा असा.

"चिठ्ठ्या उलट्या लागल्यात गं," ती म्हणाली.

मुलगी पांढरीफटक पडली. तिने वर फोन लावला. साहेबांचा आवाज मावशीलाही ऐकू आला. "औषध लागू पडलंय म्हणून कोरडा आहे. त्यांना म्हणावं, भुसा बदला, भुशावर व्याख्यान नको."

"मग निरोगी उंदीर भिजायला लागले, त्यांना काय लागू पडलं?" मावशीने विचारलं. फोन बंद झाला होता. मुलगी खाली मान घालून निघून गेली.

महिन्याभरात साहेबांनी बाहेरचे तज्ज्ञ बोलावून यश जाहीर केलं. पाहुण्यांना उंदीर दाखवायला ते पहिल्यांदाच खाली उतरले, तेही नाकाला रुमाल लावून. पाहुण्यांत या आजाराच्या मुलांवर उपचार करणाऱ्या एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सहज मावशीला विचारलं, "यातले आजारी कोणते?"

मावशीने उजवीकडे बोट दाखवलं.

साहेब हसले. "यांना वाचता येत नाही बहुतेक."

त्या दिवशी चाचणीसाठी सगळ्याच उंदरांना आम्ल पाजलेलं होतं. मावशीने डावीकडचा एक उंदीर उचलला. उचलल्यावर उंदीर मुततातच. खाली तिने रंग बदलणारी तपासणीची पट्टी धरली. ती पिवळी झाली, म्हणजे आम्ल बाहेर पडत होतं. उजवीकडच्याची पट्टी हिरवीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पट्ट्या साहेबांच्या रुमालासमोर धरल्या. "शेपट्यांचे तुकडे घेऊन जनुकं पुन्हा तपासा," एवढंच त्या म्हणाल्या.

चिठ्ठ्या उलट्याच निघाल्या. साहेबांनी संस्थेच्या संचालकांना कळवलं, घोटाळा उंदीरखान्यातल्या बाईचा. चोर तो चोर, वर शिरजोर! मावशीने उंदीरखान्याची नोंदवही संचालकांच्या टेबलावर आपटली. कोणत्या तारखेला कुणी चिठ्ठ्या लावल्या, खाली साहेबांच्याच संशोधक मुलीची सही. साहेबांना जाहीर केलेलं यश जाहीरपणे मागे घ्यावं लागलं. औषध खऱ्या आजारी उंदरांना दिल्यावर कळलं, त्याचा उपयोग शून्य.

मुलगी माफी मागायला आली. "मावशी, मला तेव्हाच पटलं होतं हो."

"पटलं होतं? मग तू त्यांच्याहून वाईट. त्यांना कळत तरी नव्हतं."

मुलीचे डोळे भरले. मावशीला काडीचीही दया आली नाही. तिने खुंटीवरचा एप्रन काढून मुलीच्या अंगावर फेकला आणि ओल्या पिंजऱ्यांची अख्खी रांग दाखवली. "शेपटी टोकाला धरू नकोस, बुडाशी धर," ती खेकसली, "आणि खालून हाताचा आधार दे."