शांत दिवसांना रकाना नव्हता

सीपरी बाजारातल्या एका शाळेत मी शिकवत होते. प्रशिक्षणाहून आले आणि हौसेनं एक तक्ता आखला. मुलांत मारामारी झाली की वार, वेळ, जागा आणि त्याआधी काय घडलं, ते लिहायचं. शिक्षेसाठी नव्हे, मुलांना सांभाळून घ्यायची वाट सापडावी म्हणून. स्टाफरूममध्ये सगळे हसले, पण भराभर लिहू लागले. दुसऱ्याच्या पोराबद्दल वाईट लिहायचा कंटाळा कुणाला येत नाही.

सातवीतली एक मुलगी त्यात सारखी यायची. समथर गावची, प्रेम नगरात मावशीकडे राहून शिकणारी. नोंदी शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा कळलं, ती भांडते ती उशिरा आलेल्या दिवशीच. उशिरा येणाऱ्याला सगळ्यांसमोर उन्हात उभं करायची आमची पद्धत. आणि ही बिचारी मावशीकडची भांडी घासून, पाणी भरून यायची. मी तिला थेट वर्गात घेऊ लागले. आल्याबरोबर फळ्यावर लिहायचं काम द्यायचे आणि सगळ्यांदेखत शाबासकी. भांडणं थांबली. मी घरी येऊन तेच तेच सांगायचे, इतका आनंद झाला होता मला.

मग प्रिन्सिपलसाहेबांनी तक्ता मागवला. मला वाटलं, आता उन्हात उभं करणं बंद होणार. त्यांनी पानं उलटली आणि खूश होऊन म्हणाले, “मैडम जी, इतना पक्का सबूत तो आज तक किसी ने नहीं दिया।” मुलीचं नाव शाळेतून काढून टाकायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. ती आता भांडत नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. कुठे लिहिलंय ते दाखवा, म्हणाले. तक्ता फक्त मारामारीचा होता. ज्या दिवशी काही घडलं नाही, त्या दिवशी कुणी काही लिहिलंच नव्हतं. इतकं हताश मला आयुष्यात कधी वाटलं नाही. बाकीचे शिक्षक चहा पीत बसले होते.

दाखला न्यायला तिची आई समथरहून आली. साहेबांनी पुरावा म्हणून तक्ता तिच्यापुढे सरकवला. तिला वाचता येत नव्हतं. पानावर हात ठेवून तिनं मला विचारलं, “ईमें कछू अच्छो भी लिखो है का, मैडम जी?”

मुलगी शेजारीच उभी होती, माझ्याकडे बघत. मी म्हणाले, “नाही.”