चिंचेनं घासलेलं बटण

अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी नवऱ्याची पीएचडी संपता संपत नव्हती आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचपट्ट्या तपासून घर चालवत होते. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी तिशीची होते आणि सदैव दमलेली.

आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. ऐंशीच्या घरातले, एकटे. मेटल डिटेक्टर घेऊन आपल्या जुन्या शेतात फिरायचे आणि सापडलेली लष्करी बटणं माझ्याकडे आणायचे, कारण माझ्याकडे मायक्रोस्कोप होता. तो लॅबचा होता, पण त्यांच्या लेखी माझाच. मला बटणांचं काडीचं कौतुक नव्हतं. तरी ऐकून ऐकून शिकले. बटणाच्या दर्शनी बाजूला गरुड असतो, आणि अधिकाऱ्याचं बटण असेल तर गरुडाच्या छातीवरच्या ढालीत एक अक्षर. सी म्हणजे घोडदळ, आय म्हणजे पायदळ.

एका गुरुवारी त्यांनी मातीनं लडबडलेलं एक बटण माझ्या हातात ठेवलं. ते आपल्या आजोबांचंच, अशी त्यांची खात्री होती. आजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात लेफ्टनंट होते. घोडदळात, असं घरमालक म्हणायचे; थोरला भाऊ म्हणायचा, पायदळात. एवढ्याशा गोष्टीवरून वाद असा चिघळला, की वीस वर्षं भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आता भाऊ दुसऱ्या गावी अंथरुणाला खिळून शेवटचे दिवस मोजत होता आणि रविवारी घरमालक त्याला भेटायला निघणार होते.

"फक्त अक्षर सांग," म्हणाले.

शुक्रवारी डबल शिफ्ट करून आले आणि देवाची उपकरणी घासायला घेतली. चिंच न्यू जर्सीच्या देशी दुकानातून आणलेली, जपून वापरायची. भिजवलेली थोडी उरली, म्हणून बटणही त्यातच घातलं. पितळ दिसलं की घासायचं, हे हाताला लहानपणापासून ठाऊक. डोकं त्यात नसतंच. वर तारेची घासणीही फिरवली. बटण लखलखलं आणि मला बरंसुद्धा वाटलं.

शनिवारी ते मायक्रोस्कोपखाली ठेवलं. मातीत राहून पत्रा आधीच झिजलेला. गरुड कसाबसा दिसत होता, ढाल मात्र गुळगुळीत. शंभर वर्षं टिकलेलं अक्षर मी दोन मिनिटांत घासून टाकलं होतं. मला रडू आलं. रागही आला, ही नसती उठाठेव माझ्याच गळ्यात का म्हणून.

सी होतं असं ठोकून द्यायचं ठरवलं. म्हातारा खूश, मी मोकळी. पण रविवारी सकाळी ते कोट घालून दारात उभे राहिले आणि मला खोटं बोलायचंही त्राण उरलं नाही. जे झालं ते सांगितलं. अक्षर कुठलं होतं, हे आता कुणालाच कळणार नाही, म्हटलं.

त्यांनी बटण हातात घेतलं. ढालीवरून अंगठा फिरवला.

"बरं झालं," म्हणाले. "मग त्याला सांगतो, आय होतं म्हणून."