पेडलखालची पोकळी

साधनाच्या काळ्या-पिवळ्या जीपचा ब्रेक पहिल्या दाबात लागत नसे. पाय थेट तळाला जाई. सोडून पुन्हा दाबला की पेडल वर येई आणि गाडी थांबे. राळेगाव रोडवरच्या सवाऱ्यांना हे ठाऊक होतं, आणि कारणही त्यांनी ठरवून टाकलं होतं: पहिल्या दाबाला तिचा नवरा धम्मदीप खालून पेडल ओढतो. धम्मदीप गेला काविळीनं, दवाखान्याच्या खाटेवर. पण लोकांना काय, फुकटचं भूत कोण सोडतो?

कोणी बंपरला लिंबू-मिरची बांधली की साधना ती तोडून त्याच्याच अंगावर फेकायची.

"बौद्धाच्या गाडीले हे लटकवतं? उतर खाली. पायी जाय!"

पण गाडी रिकामी असली की हीच साधना मवाळ व्हायची. गाडी तिला धम्मदीपनंच शिकवली होती. "पहिला दाब गाडीले सांगाले, दुसरा थांबवाले," म्हणायचा. तो गेल्यापासून पहिल्या दाबाला पाय त्या पोकळीत उतरला की तिला तळव्याखाली दुसरा पाय लागायचा. ऊबदार. क्षणभरच. ती हळूच म्हणायची, "हाव, हाय मी." तेवढ्यासाठी ती ब्रेक दुरुस्त करत नव्हती.

मग वेचणीचे दिवस आले. कापूस वेचून परतणाऱ्या बाया मागे कोंबलेल्या, आणि नाल्याच्या उतारावर पुढे बैलगाडी. पहिला दाब. दुसरा. पेडल तळालाच. तिसऱ्याला जीप थांबली, तेव्हा बैलगाडीचं लाकूड काचेला लागायचंच बाकी होतं.

शेजारी बसलेली कांताबाई म्हणाली, "साधने, आज त्यानं आपल्या समद्यायलेच न्याचं ठरोलं होतं वं."

साधना तिच्यावर खेकसली नाही. सवाऱ्या तिथंच उतरवल्या आणि गाडी पहिल्या गिअरात रांगवत पांढरकवड्याला शब्बीर मिस्त्रीकडे नेली.

"दाबून धरा, भाभी. हळूहळू खाली सरकते?"

"नाही."

"मंग मास्टर सिलिंडर ठीक हाय. स्पंजावानी लागते?"

"पोकळ लागते. मंग एकदम कडक."

"म्हणजे हवा नाही शिरली. दाबून दाबून वर येते, म्हणजे मागच्या चाकातले ब्रेकचे शू ड्रमपासून दूर पडले, मधात फट पडली."

त्यानं ड्रम उतरवले. शूवरचे लायनर रिबिटांपर्यंत घासलेले. शू पुढे सरकवायची दातेरी चकरी गंजून जाम.

"धम्मदीपभाईले कितीदा बोललो. म्हणे, माह्या पायाले माहीत हाय."

"मेलेल्याले नाव ठेवू नको, शब्बीरभाई."

"आता कोण ठेवून राह्यलं? जिते होते तवाच शिव्या देल्या."

नवे लायनर बसले, चकरी घासलेटात भिजून मोकळी झाली. तो फिरवायला बसला तशी साधना म्हणाली, "थोडी फट राहू दे."

"थोडी तं ठेवाच लागते, नाही तं चाक जाम होते. तुम्हाले किती पाह्यजे?"

मागच्या सीटवर एका पोरीची, वेचताना कमरेला बांधायची कापसाची ओटी राहून गेली होती. साधना तिकडे बघत राहिली. मग तिनं त्याच्या हातातला पेचकस ओढून घेतला.

"सरक. मले फिरवू दे."

ड्रमच्या मागच्या भोकातून ती एकेक दात फिरवत गेली. टक. टक. प्रत्येक टकला काहीतरी तिच्यापासून लांब सरकत होतं. लायनर ड्रमला घासू लागलं, चाक हाताला जड झालं.

"बस. आता थोडी मांगं घ्या," शब्बीर म्हणाला.

मागे घेताना तिचा हात थांबला. आणखी एक दात मागे, आणखी एक, की तीच पोकळी परत... कोणाला कळणार होतं? चाक मोकळं झालं तिथंच तिनं पेचकस बाहेर काढला आणि दुसऱ्या चाकाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सवाऱ्या भरून ती त्याच उतारावर आली. पुढे कोणी नव्हतं, तरी तिनं पेडल एकदाच दाबलं. जीप अशी जागच्या जागी थांबली की मागच्या बाया एकमेकींवर आदळल्या, शिव्यांचा गलका उठला. पायाखाली नुसतं थंड लोखंड होतं.

"चाल ना वं," कांताबाई म्हणाली. "रस्ता मोकळा हाय."

साधनाला पेडलवरून पाय उचलवत नव्हता.