बाविसावी ओळ

गणपती उठून चार दिवस झाले होते. सांगलीच्या दवाखान्यातून फोन आला, "पेशंटच्या घरचं कोण बोलतंय?" आणि पुढचं ऐकायच्या आधीच मला कळलं की अक्का गेल्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या क्षणी मनात पहिलं काय आलं, ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते... आता बाग कोण छाटणार? रडू नंतर आलं. आदल्याच दिवशी मी त्यांच्या खाटेशी बसले होते, तेव्हा त्यांनी माझं बोट चिमटीत धरलं होतं आणि डोळे मिटून ते हळूहळू फिरवत होत्या. द्राक्षाची काडी त्या तशीच बघायच्या. त्यांना काडी वाटत होती की मी, हे मी विचारलं नाही.

मी साताऱ्याची, बी.कॉम. झालेली, कवठे महांकाळच्या बाजूला दिलेली. नवरा फौजेत, थोरले दीर आधीच गेलेले, त्यामुळे अर्ध्या एकराची बाग अक्काच बघायच्या. बावीस ओळी. दसऱ्याच्या आसपासची छाटणी म्हणजे वर्षाचा निकाल असतो. काडीवर फुटव्याचे डोळे असतात, त्यातल्या एखाद्यातच घड दडलेला. कात्री एक पेर अलीकडं पडली की घडाच्या जागी नुसती बाळी येते, वेलाचा तो पोकळ कुरळा तंतू, आणि वर्ष हातचं जातं. हे ऐकल्यावर पहिल्या वर्षी मी कात्रीला हातच लावला नाही. अक्का म्हणाल्या, "यंदा नुसत्या काड्या गोळा कर. आन फिरवून बघ. गोल भरलीया का चपटी हाय, ते बोटाला कळाय पायजे. गोल काडीतच घड असतुया," एवढंच.

दुसऱ्या वर्षी एक ओळ मिळाली, तिसऱ्या वर्षी दोन. वर्षाला एक ओळ वाढायची, त्याहून जास्त नाही, मी कितीही फुरफुरले तरी. माझ्या ओळीत जिथं मला शंका असेल, तिथं वेलाच्या खोडाला चिंधी बांधायची, हा त्यांचा नियम. माझ्या जुन्या पिवळ्या ओढणीच्या चिंध्या. चौथ्या वर्षी मला जरा शिंगं फुटली. फोनवर आईशी बोलत बोलत अख्खी ओळ सपासप उडवली आणि एकही चिंधी बांधली नाही. पंधरा दिवसांनी त्या ओळीत बाळ्याच बाळ्या. मला वाटलं, आता अक्का फाडून खाणार. त्यांनी स्वतः पिवळी चिंधी आणून पहिल्या वेलाला बांधली आणि म्हणाल्या, "रोज यायचं आन बघायचं. तोडा हुईपत्तूर." द्राक्षं तोडेपर्यंत चार महिने मी ती रिकामी ओळ बघत होते. व्यापारी यायचे, शेजारचे यायचे, सगळ्यांना दिसायची. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यानंतर माझं बोट शहाणं झालं, हेही खरं.

एकदा मी विचारलं होतं, "अक्का, तुमची भीती कधी गेली?" त्यांनी कात्री थांबवली नाही. "हात चालव," म्हणाल्या.

यंदा माझ्या हिशेबानं आठ ओळी होत्या. आल्या बावीस. छाटणीच्या मजूर टोळ्या आधीच दुसरीकडं ठरलेल्या, नवऱ्याला रजा नाही. त्यांचीच कात्री घेतली, मुठीला त्यांनी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली, अंगठ्याच्या जागी झिजून खड्डा पडलेला. माझा अंगठा त्यात बसत नाही. पाच दिवस एकेक काडी फिरवून कापत होते, पिवळ्या चिंध्या संपल्या म्हणून एक साडीही फाडली. सहाव्या दिवशी मोटरीच्या खोलीमागच्या शेवटच्या ओळीला पोचले. ती कायम अक्कांचीच, मी तिकडं कधी गेलेच नव्हते. अगदी टोकाच्या वेलाचा पाला बाजूला केला, तर खोडाला चिंध्या. एकीखाली एक, चार वर्षांच्या चार. सगळ्यात खालची उन्हानं पांढरी पडलेली, सगळ्यात वरची हिरवी, दोन दिवाळ्यांमागं मीच घेतलेल्या त्यांच्या लुगड्याची.

तीस वर्षं छाटणी केलेली बाई... आणि दरवर्षी इथं येऊन तिचाही हात अडखळत होता. मी तिथंच मातीत बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर रडले. धीर आला, असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं झालं नाही. भीती जाईल म्हणून मी आठ वर्षं वाट बघत होते, आणि ती जात नाही हे त्या दिवशी कळलं. मग उठले, काडी चिमटीत धरून बराच वेळ फिरवली, आणि कापली. हिरव्या चिंधीच्या वर माझी चिंधी बांधली.

आज त्या छाटणीला नववा दिवस. रोज सकाळी चहाच्या आधी मी त्या टोकाच्या वेलाशी जाऊन उभी राहते. डोळे अजून फुटलेले नाहीत.