पंख्याची बॅटरी

किन्हवलीच्या नाक्यावर शोभेचे मासे विकणारा तो गिऱ्हाइकाशी बोलतानाही गोल्डफिशच्या कल्ल्यांकडेच बघतो. उन्हाळ्यात लाइट जाऊन हवेचा पंप थांबला की तो बर्फाची बंद पिशवी टाकीत तरंगत सोडतो आणि मगाने उंचावरून पाणी ओतत राहतो.

परवा मी मासे घ्यायला गेलो, तेव्हा लाइट गेलेली आणि तेवढ्याने भागेना. मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. त्याने मागच्या खोलीतल्या पंख्याची बॅटरी काढून पंपाला जोडली.

"अरे, जीव घाबरतोय माझा," आतून त्याच्या म्हाताऱ्या बापाचा आवाज आला.

"तुमी झाडाखाली बसा, बाबा. हे कुठं जातील?"

बाप काठी टेकत आला आणि दारातच बसला. मी पुठ्ठ्याने वारा घालू लागलो. म्हाताऱ्याचं तोंड उघडंच होतं.

"आता बरं हाय," मुलगा म्हणाला. त्याची नजर टाकीवर होती.