स्प्रिंगखालचा ळ

मी ट्रॅक्टर ठेवून घेतला तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं. बरोबरच होतं त्यांचं. जन्मभर सरकारी फायली हलवलेल्या बाईने निवृत्तीनंतर भजनाला जावं, गुडघे दुखतात म्हणून सांगावं. मी नजफगढच्या पुढे, हरियाणाच्या हद्दीला लागून, जमिनीचा एक तुकडा घेतला आणि त्याच्यासोबत आलेला तीन सिलिंडरचा म्हातारा ट्रॅक्टरही. भाजी लावायची होती, पाण्याचा टँकर ओढायला काहीतरी हवं होतं, बस्स.

पण त्या ट्रॅक्टरचं काहीतरी वेगळंच होतं. सकाळी पहिल्यांदा चालू केला की निळा धूर सोडायचा, आणि जानेवारीच्या धुक्यात तो धूर वर न जाता माझ्याभोवतीच घुटमळायचा. बंद केल्यावरही लगेच गप्प बसायचा नाही. दोन-तीन ठोके उरलेले असायचे, आतून कुणी नखाने ताटलीवर टकटक करावं तसे. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे त्याच्याजवळ गेले की माझा आवाज आपोआप खाली यायचा. सेक्शनमध्ये माझ्या आवाजाने लोक चहा टाकून उठायचे हो, आणि इथे मी लोखंडापाशी कुजबुजत होते. तिठ्यावरच्या मिस्त्रीने विचारलंसुद्धा, मॅडमजी, गला बैठ गया क्या.

मिस्त्रीने धूर बघितला आणि गाइड गेल्या म्हणून सांगितलं. व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून खालीवर होते ती गाइड. ती झिजली की दांडी डुगडुगते आणि इंजिन उभं असताना वरचं तेल थेंबाथेंबाने खाली झिरपतं. सकाळी तेच जळतं. सहा व्हॉल्व्ह, सहा गाइड, सगळ्या बदलाव्या लागतील, म्हणाला. मी म्हटलं, बदल बाबा, पण हा धूर माझ्या अंगावरून काढ.

भर दुपारी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवलं. दुपार म्हणायची एवढंच, धुक्यात समोरचा कडुलिंबही दिसत नव्हता. मिस्त्रीने स्प्रिंगा काढल्या, व्हॉल्व्ह काढले, सगळं डिझेलने पुसलं. दोन गाइड ठोकून बाहेर काढल्या. तिसरीवर लोखंडी दांडा टेकवला, हातोडा उचलला आणि तसाच थांबला.

"मैडमजी, ये ह के बाद चश्मा किसने बना दिया?"

मी वाकून बघितलं. स्प्रिंग जिथे बसते तिथे गाइडच्या भोवती बोटभर रुंदीची गोल पट्टी असते. व्हॉल्व्ह बाहेर काढल्याशिवाय तिथे कुणाची नजर जात नाही. त्या पट्टीवर टोकदार खिळ्याने कोरलं होतं: हळू.

मी बोटाने पुसून पुन्हा वाचलं. कारण हरियाणाच्या वेशीवर ळ कोण लिहिणार? हिंदीत ते अक्षरच नाही. मिस्त्रीला तो चष्मा वाटला यात त्याची काय चूक? आणि नुसता ळ असता तरी मी मनाची समजूत घातली असती. पण या ळचा डावा गोल मोठा होता आणि उजवा लहान, चेपलेला. असा ळ मी आयुष्यात एकाच माणसाचा पाहिलाय. माझ्या दादाचा.

आम्ही दोघं दिल्लीतच वाढलो. शाळा हिंदी, गल्ली हिंदी. मराठी अक्षरं आईने स्वयंपाकघरात पाटीवर शिकवली. दादाचा ळ कधी सुधारला नाही, आईने कितीदा हात धरून गिरवून घेतला तरी. त्याला अक्षरात रस नव्हता, उघडण्यात होता. बाबा जेवून झोपले की तो घरातली काही ना काही वस्तू उघडायचा, रेडिओ, शिलाई मशीन, एकदा तर कुकरची शिटीसुद्धा. मी वाटीत स्क्रू धरून समोर बसायचे. वाटी वाजली की तो ओठ न हलवता म्हणायचा, हळू. बाबांचा हात फार लागायचा.

मग एका सुट्टीच्या दुपारी त्याने बाबांची स्कूटर उघडली. बाबा लवकर जागे झाले आणि शेजाऱ्यांसमोर त्याच्या मुस्काटात मारली. एकोणीस वर्षांचा होता तो. करोल बागेतून पार्ट घेऊन येतो म्हणाला आणि गेला. स्कूटर बाल्कनीत उघडीच राहिली. दादा आला नाही. बाबांनी ती शेवटपर्यंत कुणाला जोडू दिली नाही आणि कधी कुणाला माफही केलं नाही, स्वतःला तर नाहीच.

दादा गेला तेव्हा घरचा फोन नंबर त्याला पाठ होता. म्हणून आई तो फोन काढू देत नाही. तो नंबर टिकावा म्हणून सरकारी क्वार्टर सोडल्यावरही आम्ही त्याच एक्स्चेंजच्या हद्दीतलं मुनिरकाच धरून बसलोय, विद्यार्थ्यांच्या गजबजाटात, दोन भाड्याच्या खोल्यांत. मध्ये दिल्लीच्या सगळ्या नंबरांपुढे एक आकडा वाढला, तेव्हा आईला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. त्याला नवा आकडा कोण सांगणार, एवढंच म्हणत राहिली. आता ती चौऱ्याऐंशीची आहे. फोन वाजतो तो बहुधा राँग नंबर असतो. तरी ती उचलून आधी नुसतीच ऐकते.

मिस्त्रीने अक्षरांजवळ बोट फिरवलं आणि त्याचाही चेहरा बदलला. हळूच्या शेजारून केसासारखी एक रेघ गेली होती, पितळेने भरलेली. हेडला तिथे जुनी चीर होती. कुणीतरी ती जोडली होती आणि पुढच्या माणसाला बजावून ठेवलं होतं. तो म्हणाला, मी घाव घातला असता तर दोन तुकडे हातात आले असते, असं हेड आता मिळत नाही. मी विचारलं, हे किती जुनं असेल? त्याने गाइडमध्ये दांडी हलवून बघितली. झीज बघता दहा-बारा वर्षं, म्हणाला.

म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी दादा होता. कुठल्यातरी शेडमध्ये, हात तेलाने माखलेले, माझा दादा जिवंत होता. मी तिथेच टायरवर बसले आणि ढसाढसा रडले. मिस्त्री बिचारा चहा आणायला निघून गेला.

दोन आठवडे मी काम थांबवून शोध घेतला. ज्याच्याकडून ट्रॅक्टर आला त्याला गाठलं, त्याच्या आधीच्याला गाठलं. त्याने कुठल्याशा जत्रेच्या बाजारात घेतला होता, कुणाकडून ते आठवत नव्हतं. तिठ्यातिठ्यावरच्या मिस्त्र्यांना विचारलं. डावा गोल मोठा काढणारा माणूस, असं हिंदीत कसं विचारायचं?

आईला सांगावं की नाही, यावर मी चार दिवस काढले. शेवटी मोबाइलवरचा फोटो तिच्यापुढे धरला. तिने फोन लांब धरला, जवळ घेतला. रडली नाही.

"डावा गोल अजून मोठाच काढतो," म्हणाली.

काढतो, म्हणाली. काढायचा नव्हे.

घाव घालायचा नाही म्हटल्यावर मिस्त्रीने दुसरी रीत काढली. उरलेल्या चार जुन्या गाइड त्याने आतून कोरून पातळ केल्या आणि बोटाने ओढून काढल्या. नव्या सहा गाइड गारठ्याने आकसाव्यात म्हणून मी घरी नेऊन फ्रीझरमध्ये ठेवल्या, स्टीलच्या डब्यात, मटारच्या पिशवीला लागून. आई मधून मधून फ्रीझर उघडून बघायची. एकदा तिला डब्याशी बोलताना ऐकलं. काय, ते मी विचारलं नाही. सकाळी थर्मासमध्ये बर्फ भरून मेट्रोने घेऊन निघाले, तर तपासणीवाल्याने थर्मास उघडायला लावला. सहा गार नळ्या बघून म्हणाला, ये क्या है. मी म्हटलं, सामान आहे, माझ्या भावाच्या कामाचं. का म्हटलं, कोण जाणे.

मिस्त्रीने हेड उकळत्या पाण्यात तापवलं आणि गार गाइड एकेक करून आत सोडल्या. हातोडा नाही, आवाज नाही. तिसरी आत जाताना मात्र बारीक सुस्कारा आला. पाण्याची वाफ असेल. मी आणि मिस्त्री, दोघंही एकमेकांकडे न बघता उभे होतो.

स्प्रिंग चढवायच्या आधी मी त्याच्याकडून कोरायचा खिळा मागून घेतला. हे हेड पुन्हा कधी दादाच्याच हाताखाली आलं तर, म्हणून घरचा नंबर लिहायचा होता, वाढलेल्या आकड्यासकट. पण हळूनंतर पट्टीवर चार अक्षरांपुरतीच जागा उरली होती. खूप वेळ विचार केला. मग कोरलं: आई आहे. खिळा एकदा घसरला आणि कानाशी अगदी स्पष्ट ऐकू आलं, हळू. मी मागे वळले नाही. वळले असते तर कुणीच दिसलं नसतं, आणि ते मला नको होतं.

हेड बसलं, नट आवळले, ट्रॅक्टर चालू झाला. धुराची रेघसुद्धा नाही. बंद केला तर एका झटक्यात गप्प, एकही ठोका उरला नाही. मिस्त्री हात पुसत खुशीत म्हणाला, "बस मैडमजी, अब बीस साल इसे कोई नहीं खोलेगा."

वीस साल. आई चौऱ्याऐंशीची.

मी त्याला विचारलं, गाइड जरा लवकर झिजतील असं काही करता येतं का. माझा आवाज पुन्हा खाली गेला होता. त्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून मी परत विचारलं.