कारखान्यातले अण्णा, घरातले बाबा

बाबांचं कपाट रिकामं करून न्या, असा निरोप हॉस्पिटलातून आला तेव्हा ते जाऊन महिना होत आला होता. सकाळी कामावर निघताना बूट घालायला म्हणून खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. आईने आधी नन्नाचा पाढा लावला. "काय असणार त्यात, एक डबा आणि दोन जुने शर्ट." पण निघायच्या वेळी चप्पल घालून दारात तीच आधी उभी होती. लेक कुलूप लावून तिच्या मागोमाग निघाली.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईघराच्या पलीकडे, पत्र्याची एक लांबट शेड होती. तिथे कृत्रिम हातपाय तयार होत. पाटीवर भलंमोठं नाव असलं तरी सगळे तिला कारखानाच म्हणत. लेक लहानपणी एकदाच इथे आली होती. भिंतीवर ओळीने टांगलेले पाय बघून तिने असं भोकाड पसरलं की बाबांनी पुन्हा तिला आणायचं नाव काढलं नाही.

घरी बाबा मितभाषी. "हं", "बरं" आणि "बघू" एवढ्या तीन शब्दांवर त्यांनी संसार रेटला, असं आई म्हणायची. लेकीला ताप आला की उशाशी बसून संत्रं सोलत राहायचे, पण आता कसं वाटतंय हे विचारायचे नाहीत. रस्त्याने जाताना त्यांची नजर लोकांच्या पायांवर. "त्या बाईंचा डावा बूट बाहेरून झिजलाय बघ," हे त्यांचं त्यातल्या त्यात लांब वाक्य. लेक नोकरीसाठी परगावी निघाली, तेव्हा स्टेशनवर भर गर्दीत ते खाली वाकले आणि त्यांनी तिच्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. चोवीस-पंचवीस वर्षांची घोडी ती, लाजेने अर्धी झाली. "जप," म्हणाले आणि वळून चालू लागले.

दोघी आत शिरल्या तशी कानशींची खरखर थांबली. सुतारकाका हात पुसत पुढे आले. पाय लाकडाचे होत त्या काळात ते इथे सुतार म्हणून लागले होते. लाकूड गेलं, प्लास्टिक आलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांनी आणि बाबांनी सगळी नोकरी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काढली होती.

"बसा वहिनी," त्यांनी स्टूल पुढे केलं. "अण्णा गेल्यापासून शेड खायला उठते. दिवसभर कुणी कुणाची टोपी उडवत नाही."

"बाबा टोपी उडवायचे?" लेकीने विचारलं.

सुतारकाका तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे घरी नाही?"

"घरी बोलायचेसुद्धा नाहीत."

"अगं, इथे त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. तो बसचा किस्सा तरी माहीत असेल?"

तोही तिला माहीत नव्हता. मग सुतारकाकांनी तो रंगवून सांगितला.

एक बस कंडक्टर होता, ऐन तिशीतला. अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेला. नवा पाय बसवला, पण चालायच्या सरावाचे दोन्हीकडचे दांडे सोडून एक पाऊल टाकायला तयार नव्हता. समजावायला गेलं की अंगावर यायचा. "चालत्या बसमध्ये मी दोन्ही हातांनी तिकिटं फाडायचो. मला काय शिकवता?" एकदा तर त्याने नवा पाय काढून भिरकावला. तो थेट प्लास्टरच्या बादलीत.

अण्णांनी तो बाहेर काढला. पाय धुतला, पुसला, जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी कंडक्टर आला तर व्हरांड्यातली सगळी बाकडी दोन रांगांत मांडलेली. त्यांवर अख्खा कारखाना प्रवासी होऊन बसलेला, अगदी धुलाईघरातल्या बाया धरून. पुढच्या स्टुलावर अण्णा, हातात प्लास्टर कालवायच्या तसराळ्याचं स्टिअरिंग.

"कंडक्टर कुठे मेला?" अण्णा मागे न बघता ओरडले. "गाडी सुटायची वेळ झाली."

कंडक्टर दारात थिजला. रागावावं की हसावं, त्याला कळेना. मग एक धुलाईवाली म्हणाली, "अहो, मला बाजारात उतरायचंय, तिकीट देता ना?" त्याने बाकाची पाठ धरली आणि पहिलं पाऊल टाकलं. अण्णा मधूनच "ब्रेक!" म्हणत आणि सगळे पुढे झुकत. तोल सावरत, एकेक बाक मागे टाकत तो सुतारकाकांपाशी पोचला.

"मी तिकीट काढत नाही म्हणालो," सुतारकाका म्हणाले. "असा तडकला, कमरेवर दोन्ही हात ठेवून भांडायलाच उभा राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण काहीच धरलेलं नाही." त्यांनी पुन्हा हात पुसले. "पुढे बसवरच गेला परत. अण्णांना पोचवायला आला होता, सगळ्यात मागे उभा होता."

लेकीला हसू आलं आणि हेवाही वाटला. एवढा गमत्या माणूस या लोकांना रोज मिळाला, आणि आपल्या वाट्याला तीन शब्द. तिने आईकडे पाहिलं. आई पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"त्या बसची तालीम आमच्या स्वयंपाकघरात झाली होती," आई हळूच म्हणाली. "तू शाळेत गेली होतीस. मला पाटावर बसवलं आणि म्हणाले, तू प्रवासी. मी म्हटलं, माझी भाजी करपतेय. तर म्हणे, बस थांबेपर्यंत उतरता येणार नाही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

सुतारकाका गालातल्या गालात हसले. "इथे तुझं सगळं कळायचं हं आम्हाला. गणितात नापास झालीस तेही, आणि पहिल्या पगारातून त्यांना बूट घेतलेस तेही. ते बूट घालून कुणाला पायावर पाय देऊ देत नसत."

कपाटात डबा निघाला, दोन शर्ट निघाले, आणि मुठीजवळ गुळगुळीत झालेली एक कानस. आईने ती उचलून सुतारकाकांच्या हातात दिली. त्यांनी ती तिथल्या तिथे टेबलावरच्या अर्धवट पायाला लावून पाहिली आणि मान डोलावली. तेवढ्यात दारात काठी टेकत कुणीतरी आलं, तसे ते "येतो हं वहिनी" म्हणून तिकडे वळले.

बाहेर रिक्षा उभी होती. आई म्हणाली, "चालत जाऊ."

"लांब आहे गं."

"असू दे."

दोघी फुटपाथच्या कडेने निघाल्या. थोडं अंतर गेल्यावर लेकीने विचारलं, "लग्न ठरलं तेव्हा बाबा बोलले होते का तुझ्याशी?"

"कुठले बोलतायत," आई म्हणाली आणि सांगू लागली. पहिल्या भेटीत ते तासभर तिच्या चपलांकडे बघत बसले होते, आणि हा मुलगा मान वर करत नाही म्हणून तिने घरी नकार कळवला होता. मग पुढे काय झालं, हे लेकीने विचारलं. चौकात सिग्नल हिरवा झाला तरी दोघी तिथेच उभ्या होत्या, कारण आईची गोष्ट नुकती कुठे रंगात आली होती.